अण्णांचा डॅशबोर्ड

परवा अण्णांच्या वेबसाइटचं वर्डप्रेस अपडेट करत होते. मी लॅपटॉपवर, अण्णा फोनवर. दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न, "झालं का गं? मला लेख टाकायचाय." अपडेट केव्हाच झालं होतं, पण त्या निमित्ताने मी माझी जुनी फाइल उघडली आणि ती वाचत बसले. 2013 पासून साठवलेली कोडची चिठोरी आहेत तिच्यात. प्रत्येक चिठोऱ्यावर मी मराठीत शेरा मारून ठेवलाय. 'अण्णांचा गोंधळ होतो म्हणून काढलं.' 'हेही काढलं.' 'हे का काढलं आठवत नाही.'

तर त्याबद्दल लिहायचंय. बरेच दिवस टाळत होते. (नात्यातल्या मंडळींना यातली निम्मी गोष्ट ठाऊक आहे. दादा, तुला वाटतं तेवढी सगळी तुला ठाऊक नाही, तेव्हा वाच.)

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, कोल्हापूर बाजूच्या एका आगारात. 2009 साली निवृत्त झाले आणि वह्या भरायला लागले. कुठली मुक्कामी गाडी कुठे थांबायची, कुठल्या घाटात काय झालं, कुठल्या कंडक्टरचा आवाज कसा होता, असलं सगळं. वह्या सात झाल्यावर मी म्हटलं, वेबसाइट करू. जानेवारी 2013 मध्ये केली. पहिला लेख त्यांनी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) सुटलेल्या एसटीच्या पहिल्या गाडीवर लिहिला, जणू शाळेतला पहिला धडा तोच असायला हवा.

मी व्यवसायाने हिशेबनीस. प्रोग्रामिंग मला येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. पण वर्डप्रेसची गंमत अशी की न येणाऱ्यालाही त्यात बरंच काही करता येतं. त्यांनी जागोजागी खुंट्या ठोकून ठेवल्यात, हुक म्हणतात त्यांना. डाव्या बाजूचा मेनू तयार होत असताना तुमचं काही करायचंय? 'ॲडमिन मेनू' नावाच्या खुंटीला तुमचं काम अडकवा. पडद्यावर येणारा एखादा शब्द बदलायचाय? त्यासाठी गाळणी असते, फिल्टर. शब्द तिच्यातून जातो आणि पलीकडे तुम्हाला हवा तसा बाहेर पडतो. मूळ वर्डप्रेसला हात लावायचा नाही. चार ओळींचा तुकडा कुठूनतरी उचलायचा, थीमच्या 'फंक्शन्स डॉट पीएचपी' या फाइलच्या शेवटी चिकटवायचा, आणि देवाचं नाव घेऊन सेव्ह करायचं.

देवाचं नाव अशासाठी की एक अर्धविराम राहिला तरी अख्खी साइट पांढरीफटक व्हायची. तशी ती एकदा झालीच, रात्री अकरा वाजता. एफटीपी म्हणजे काय हे मी त्या रात्री शिकले, कारण आत शिरून ती ओळ काढायला दुसरा दरवाजाच उरला नव्हता. (2019 मध्ये 5.2 आवृत्ती आल्यापासून वर्डप्रेस अशा वेळी निदान ईमेल पाठवून आत यायची वाट दाखवतं. तेव्हा तसलं काही नव्हतं.) सकाळी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे ब्रेकडाऊन. पर्यायी गाडी सोडली का?"

पहिला बदल केला तो 'हाउडी'चा. लॉगिन केलं की वर उजव्या कोपऱ्यात वर्डप्रेस 'हाउडी' असं म्हणून तुमचं नाव घेतं. वर्डप्रेस 2003 मध्ये ज्या दोघांनी सुरू केलं त्यांतला मॅट मुलेनवेग अमेरिकेतल्या टेक्सासचा, आणि हा तिकडचा राम राम. अण्णांनी दोन दिवस वाट पाहून विचारलं, "हा हाउडी कोण? माझ्या नावाआधी का येतो?" गाळणी लावली, 'राम राम अण्णा' झालं, अण्णा खूष. मग लॉगिनच्या पानावरचा मोठा डब्ल्यू. त्यावर टिचकी मारली की माणूस थेट वर्डप्रेसच्या इंग्रजी साइटवर जायचा, आणि अण्णांना वाटायचं आपली साइट कुणीतरी पळवली. एका ओळीत तो दुवा घरी वळवला.

साइटचा वरचा मेनू मात्र अण्णांनी स्वतः लावला. 3.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2010 पासून, मेनूतल्या गोष्टी माउसने ओढून वरखाली करता येतात. अण्णांनी तीन संध्याकाळी त्यात घालवल्या. 'घाट', 'मुक्काम', 'माणसं', 'पावसाळा'. गाडीच्या पाटीवर गावं कोणत्या क्रमाने लिहायची यात आयुष्य गेलेला माणूस. 'मुख्यपृष्ठ' शब्द त्यांनी काढायला लावला आणि तिथे 'स्टँड' लिहिलं.

दुव्यांचीही अशीच हौस. त्यांना एका बाजूला जुन्या सहकाऱ्यांच्या आणि आवडत्या ब्लॉगांची यादी हवी होती. आपल्या सगळ्यांच्या पानांवर तेव्हा असायची तशी. पण डिसेंबर 2012 च्या 3.5 आवृत्तीपासून वर्डप्रेसने नव्या साइटींवर 'लिंक्स'चा मेनू दाखवणंच बंद केलं होतं. कोड आतच होता, फक्त वर दिसत नव्हता. एका ओळीची गाळणी लावली की 'लिंक्स' परत मेनूत हजर. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. एका ओळीत दाखवता येतं म्हणजे एका ओळीत लपवताही येतं, हेही तेव्हाच कळलं.

आणि मी लपवत सुटले. 'टूल्स' काढलं, 'अपिअरन्स' काढलं, 'सेटिंग्ज' तर काढलंच. लॉगिन केल्यावर अण्णा डॅशबोर्डवर न जाता थेट लेखांच्या यादीत पोचतील अशी सोय केली. 'पब्लिश'च्या जागी 'छापा' केलं. माझ्या मते तो पडदा इतका सुटसुटीत झाला होता की तिसरीतल्या मुलालाही वापरता आला असता. अण्णा तिसरीत नव्हते, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

राहिल्या प्रतिक्रिया. अण्णांच्या साइटवर वाचक थोडे आणि स्पॅम फार. घड्याळं, बूट, औषधं विकणारे इंग्रजीत लिहायचे, 'तुमचा लेख अतिशय उपयुक्त आहे.' आणि अण्णा प्रत्येकाला उत्तर द्यायचे! 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहे. आपण कोणत्या मार्गावर प्रवास करता?' आधी मी हसले, नंतर मला काळजी वाटायला लागली, कुणीतरी यांना फसवेल. स्पॅम गाळण्यासाठी अकिस्मेट चालू करायला हवं होतं. त्यासाठी खातं काढा, किल्ली आणा, ते सगळं मी पुढे ढकललं. त्याऐवजी 2014 च्या सुरुवातीला एक तुकडा चिकटवला आणि 'कॉमेंट्स' मेनूतून गेलं. वरच्या पट्टीतलं चिन्हही काढलं. ईमेल येऊ नयेत म्हणून सेटिंग्जमधल्या दोन खुणा काढल्या. वाचकाला खालची चौकट दिसत होती, तो लिहून 'पाठवा' म्हणू शकत होता. फक्त ते कुठे जातं हे अण्णांना दिसत नव्हतं. मी ठरवलं होतं की दर रविवारी मीच आत जाऊन बघेन. पहिले दोन रविवार बघितलंही.

अण्णांनी एकदा विचारलं, "हल्ली कुणी काही लिहीत नाही का?" मी म्हटलं, "लोक वाचतात हो अण्णा, लिहायचा कंटाळा करतात."

जून 2014 मध्ये त्यांनी 'पावसाळा' सदरात एक लेख लिहिला. 1994 च्या जुलैतली गोष्ट. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी चाललेलं, आणि मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरने गाडी घालायला नाही म्हटलं. प्रवासी ओरडत होते, तरी तो हलला नाही. सगळे रात्रभर अलीकडच्या गावात शाळेच्या व्हरांड्यात झोपले. निरोप आला तेव्हा अण्णांनी नोंदवहीत एक ओळ लिहिली, 'चालकाने गाडी नेण्यास नकार दिला.' पाण्याबद्दल लिहायचं राहिलं, की घाईत लिहिलं नाही, ते त्यांचं त्यांनाच माहीत. पुढे चौकशीत ती ओळ पुढे आली आणि त्या माणसाची वेतनवाढ थांबली. अण्णांनी लेखात लिहिलं होतं की तो बरोबर होता, मला ते त्या रात्रीही कळत होतं, आणि मी त्याला कधी तसं सांगितलं नाही. मी तो लेख टाइप करून दिला. त्यातली दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्याचंही मला आठवतं.

सप्टेंबर 2015. थीमचं अपडेट आलं होतं, मी ऑफिसातून बटण दाबलं आणि कामाला लागले. जाणकारांच्या लक्षात आलंच असेल. माझे सगळे तुकडे थीमच्याच फाइलीत होते आणि थीम अपडेट झाली की ती फाइल नवी कोरी येते. चाइल्ड थीम करून त्यात लिहायचं असतं, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी अण्णांचा फोन. "अगं, हाउडी परत आला. आणि इथे डाव्या बाजूला तांबड्या गोलात 213 लिहिलंय. ते काय आहे?"

मी सांगायला लागले की स्पॅम आहे, कशाला हात लावू नका, मी बघते. अण्णा "बरं" म्हणाले. आणि त्यांनी त्या 213 च्या 213 वाचल्या. नोंदवही तपासायची सवय असलेला माणूस, दुसरं काय करणार? त्यांत खऱ्या चार होत्या. चौथी जुलै 2014 ची, त्या ड्रायव्हरची. नातवाने लेख वाचून दाखवला, असं लिहिलं होतं. माझा तुमच्यावर राग नव्हता साहेब, पाणी किती होतं ते तुम्हाला तिथून दिसत नव्हतं. एकदा फोन करा. खाली नंबर.

चौदा महिने.

अण्णांनी त्याच रात्री फोन लावला. नातवाने उचलला. आजोबा आहेत, पण मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका आला, आता बोलता येत नाही. ऐकू येतं, समजतं. अण्णा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने गेले आणि तिथे दोन दिवस राहिले. त्यावर त्यांनी वेबसाइटवर काही लिहिलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी जेव्हा सगळं सांगितलं, की मेनू मी काढला, ईमेल मी बंद केले, लोक कंटाळा करतात हेही मीच म्हटलं होतं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फेरी रद्द करायचा अधिकार असतो गं. पण फळ्यावर लिहावं लागतं. लोक फलाटावर उभे राहतात."

त्यानंतर मी त्या कामाचं जे शिकले ते तेव्हाच शिकायला हवं होतं. मेनूतून पान काढलं तरी पान जात नाही. 'रिमूव्ह मेनू पेज' नुसता रस्त्यावरचा फलक काढतं. लॉगिन केलेल्या माणसाला पत्ता माहीत असेल तर तो टाइप करून आत जाता येतं. 'कॉमेंट्स'चं पान ते चौदा महिने जागच्या जागीच होतं. असो.

आता तुकडे थीममध्ये नाहीत, एका छोट्या वेगळ्या प्लगिनमध्ये आहेत. अकिस्मेट चालू आहे. मेनूचा क्रम बदलायची एक गाळणी असते, ती वापरून 'कॉमेंट्स' अगदी वर आणलंय, 'लेख'च्याही वर, आणि नाव दिलंय 'पत्रं'. घड्याळवाले अजून कधीमधी गाळणीतून निसटतात. अण्णा अजून त्यांना उत्तर देतात. देऊ देत.

आणि परवा फाइल वाचून झाल्यावर आणखी एक तुकडा घातला. ॲडमिनच्या प्रत्येक पानाच्या तळाशी वर्डप्रेस आभाराची एक इंग्रजी ओळ दाखवतं. ती बदलता येते. तिथे आता लिहिलंय, 'या पडद्यावरून चार गोष्टी लपवलेल्या आहेत: टूल्स, प्लगिन्स, विजेट्स, सेटिंग्ज.'

दहा मिनिटांत अण्णांचा फोन आला.

"लेख छापला. बरं, ते विजेट्स म्हणजे काय? काढ बघू बाहेर."