आईचा आवाज आणि ड्रमचा ठेका

पिंपळनेरच्या घरी माझ्या मुलाने आजीची अहिराणी लग्नगीते संगणकावर भरून घेतली. ती कुठे लिहिलेली नाहीत. आईला येतात तेवढीच. मागे त्याने मिडीचा ठेका लावला. ऐकून आई म्हणाली, "ढोलच आयकू येस, मन्हा आवाज कोठे शे?"

त्याने ठेका कमी केला, तर तालच गेला. सगळे ड्रम एकाच ट्रॅकवर होते ना! मिडीत आवाज नसतो. काय, केव्हा, किती जोरात वाजवायचे याची नुसती नोंद असते. १९९१ च्या जनरल मिडीत दहावे चॅनल ड्रमचे. त्यात ३६ म्हणजे बास ड्रम, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट. पोराने या क्रमांकांवरून तीन ट्रॅक केले आणि प्रत्येकाला स्वतंत्र वाद्य जोडले. नाहीतर नोंदी वेगळ्या होऊनही आवाज एकाच वाटेने येतो. बास ड्रम ठेवला, स्नेअर पार खाली आणला, हाय-हॅट एका बाजूला सारला.

खरे तर मला ठेकाच नको होता. पण नातवाची हौस!

या खेपेला आईने एका ओळीतली स्वतःचीच चूक पकडली आणि ती पुन्हा गायला बसली.