गोऱ्ह्याचा वाटा

परवा एका गावी बैठक आटोपल्यावर घरच्या बाईंनी चहा पुढे केला. मी म्हटले, "वहिनी, मला कोरा द्या." त्या थबकल्या. "का हो साहेब, आमचं दूध चालत नाही का?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर सापडायला मला दोन वर्षे लागली.

शेतकीची पदवी घेऊन मी विस्ताराच्या कामाला लागलो, त्याला तीस वर्षे होत आली. 'जोडधंदा म्हणून संकरित गाय पाळा' हे मी किती गावांत सांगितले असेल, त्याची मोजदाद नाही. सांगणे खोटेही नव्हते. पावसाने पीक नेले तरी दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो, म्हणून कित्येक घरे तगली.

आमच्याही गोठ्यात एक होल्स्टीन संकरित गाय होती. दोन वर्षांपूर्वी ती रात्री व्याली आणि गोऱ्हा झाला. कालवड झाली असती तर पेढे वाटले असते. गोऱ्ह्याला चीक पाजायला मात्र उजाडेपर्यंत कोणी उठले नाही. पुढेही दोन घोट पाजून त्याला ओढून बांधत असू. गडी म्हणाला, "याला पाजून काय करायचं?" मी ऐकले आणि गप्प राहिलो. अठराव्या दिवशी हगवण लागून तो मेला. वासराला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजावा, पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा द्यावा, हे गावोगाव सांगणारा मीच होतो.

त्या रात्री हिशेब मांडला. व्याल्याशिवाय दूध नाही, आणि वासरांत निम्मे नर. पूर्वी खिलार गाईचा खोंड म्हणजे घरचा बैल. संकरित गोऱ्ह्याला वशिंड जेमतेम, त्यामुळे जू नीट बसत नाही. ऊनही सोसत नाही. नांगर तर ट्रॅक्टरने घेतला. राज्याच्या १९७६ च्या कायद्याने गोहत्या बंद झाली, २०१५ मध्ये ती बंदी बैलांनाही लागू झाली. सुरीला कायदा आहे, दाव्यावरच्या उपासमारीला कोण विचारतो? रेडकाची गत याहून बरी नाही.

आमची आई माळकरी. तिच्यासाठी मटण अंगणातल्या वेगळ्या चुलीवर शिजे. दूध सोवळे आणि रस्सा ओवळा, असेच मी मानत आलो. हिशेब मांडल्यावर कळले, दोन्ही वाट्या एकाच गोठ्यातून येतात. आईला हे सांगायचे धाडस अजून झालेले नाही.

मटण सोडणे सोपे गेले. दूध जड गेले. सकाळचा चहा आणि रात्रीचा ताकभात सुटेना. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही सोडाल, पण उद्या सून बाळंत झाली की तिला काय देऊ?" त्यांचे खरे होते. डाळी, शेंगदाणे, तीळ, नाचणी यांनी पुष्कळ भागते. पण बी-१२ जीवनसत्त्व त्यांतून मिळत नाही, ते गोळीनेच घ्यावे लागते. मी ती गोळी घेतो. सोडले ते माझ्यापुरते; घरावर लादले नाही.

तुम्हाला दूध सोडा असे मी सांगणार नाही. ज्या घराची फी आणि औषध दुधावर चालते, त्या घराला मी काय शिकवू? एवढेच सांगतो : चीक पाजताना कालवड-गोऱ्हा असा भेद करू नका. गोऱ्ह्यालाही पोटभर पाजा. आणि शक्य असेल तेथे लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरा. तिने शंभरात सुमारे नव्वद कालवडी होतात. नकोसा जीव जन्माला घालून उपाशी मारण्यापेक्षा हे बरे. भाकड गाईचा प्रश्न त्याने सुटत नाही, हेही कबूल करतो.

वहिनींना मी थोडक्यात माझ्या गोऱ्ह्याची हकिकत सांगितली. त्यांनी गूळ घालून कोरा चहा दिला. निघताना त्या दावणीकडे पाहत म्हणाल्या, "साहेब, आमच्या गोऱ्ह्याला दिवसाला किती पाजू?"

मी परत बसलो आणि वही काढली.