मागें राहणारीं माणसें

शेताची किंमत काय, असें कोणास विचारलें तर तो एकरांचा, मणांचा अथवा रुपयांचा हिशेब सांगूं लागतो. हा हिशेब खोटा नाहीं. परंतु आमच्या मोखाडा तालुक्यांत तो मांडूं गेल्यास हातीं बहुधा तोटाच लागतो. आमच्या वडिलांच्या शेताचेंच पाहा. पाड्याच्या खालच्या अंगास ओहोळाकाठीं भाताचीं चार लहान खाचरें, आणि मागें डोंगराच्या उतारावर वरकस जमिनीचा एक तुकडा. पावसाळ्याचे चार महिने पाऊस असा कोसळतो कीं समोरचा बांध दिसूं नये. आणि तोच पाऊस उतारावरची माती धुऊन खालीं नेतो. ज्या जमिनींत पहिल्या वर्षीं नागली, दुसऱ्या वर्षीं वरई व तिसऱ्या वर्षीं खुरासणी घेऊन मग तिला कांहीं वर्षें विसांवा द्यावा लागतो, तिच्याकडून धान्याची अपेक्षा ती किती करावी?

म्हणूनच आमच्या घरांत वर्षा-दोन वर्षांनीं "आतां शेती पुरे" हा विषय निघतो. गेल्या वर्षीं तो माझ्या धाकट्या भावानें काढला. वडिलांचे गुडघे चिखलांत टिकत नाहींत, बैलजोडीचा खर्च झेपत नाहीं, आणि दोघे मुलगे पगारदार असतां म्हातारपणीं ही यातायात कशासाठीं, असें त्याचें म्हणणें. त्याच्या म्हणण्यांत मायाच होती. तरीहि मी त्यास रुकार देऊं शकलों नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, तो कां, हें तुम्हांस सांगावेंसें वाटतें. कारण तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं हाच प्रश्न आज ना उद्यां उभा राहणार आहे.

आम्ही उभयतां शिक्षक. शाळेचें गांव घरापासून दूर असल्यामुळें आठवडाभर आम्ही तिकडे, आणि आमचीं दोन मुलें, सात वर्षांची मुलगी व पांच वर्षांचा मुलगा, पाड्यावर आजी-आजोबांजवळ असतात. शनिवारीं सायंकाळीं घरीं पोंचावें तों आठवड्याच्या बातम्या दारांतच आमच्या अंगावर येतात: गाय व्याली, भोपळ्याचा वेल छपरावर गेला, आजोबांनीं कोयत्यास नवी मूठ बसविली. या बातम्या ऐकतांना आपलीं मुलें पोरकीं राहिलीं आहेत असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं.

तेथें त्यांचें शिक्षण कसें चालतें तें सांगतों. फाल्गुन सरला कीं आजोबा राबाच्या तयारीस लागतात. वाळलेला पाला, शेण व गवत खाचराच्या एका भागांत पसरावयाचें, वर मातीचा पातळ थर द्यावयाचा आणि वारा पडलेला पाहून तें सारें जाळावयाचें. मुलांनीं पाल्याच्या पाट्या ओढावयाच्या आणि आग लागली कीं आजीच्या पदराआड उभें राहावयाचें. "राब कां भाजावयाचा?" असें माझ्या मुलानें एकदां विचारलें. आजोबांनीं उत्तर दिलें नाहीं. पाऊस लागल्यावर त्यांनीं भाजलेल्या जागेंत व न भाजलेल्या जागेंत त्याच्याच हातानें मूठ-मूठ बीं टाकविलें, आणि पंधरा दिवसांनीं त्यास तेथें नेऊन उभें केलें. एकीकडे रोप दाट व हिरवेंगार. दुसरीकडे तें तणांत शोधावें लागत होतें. आम्ही वर्गांत ज्याला प्रयोग म्हणतों तो याहून निराळा नाहीं.

आषाढांत आवणी. रोपांच्या मुठी बांधावरून पोंचविण्याचें काम मुलांचें. माझी मुलगी शंभरापर्यंतचे आंकडे या मुठी मोजतां मोजतां शिकली; आणि मोजणींत चूक झाली तर एक तास रिकामा राहतो हेंहि शिकली. पहिल्या सरींबरोबर रानांत शेवळाचे कोंब वर येतात. ही भाजी तशीच शिजविली तर घशांत खाज सुटते. काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजविली कीं ती खाज मरते. काकड किती घ्यावें आणि भाजी किती वेळ शिजवावी हें आजीच्या हातांस ठाऊक आहे. मग टाकळा येतो, बांबूचे कोंब येतात, करटोलीं येतात. प्रत्येकाचा दिवस व प्रत्येकाची जागा निराळी. आणि आजीच्या मागोमाग हिंडल्यावांचून ती जागा सांपडत नाहीं.

कार्तिकांत नागली कापली म्हणजे आजी कणसांच्या राशीजवळ बसते. भरलेलीं, घट्ट मिटलेल्या मुठीसारखीं कणसें ती निवडून बाजूस ठेवते, त्यांच्या जुड्या बांधते आणि चुलीवर आढ्याला टांगते. धुरानें त्यांस कीड लागत नाहीं. घरांत धान्य कितीहि कमी पडलें तरी त्या जुडीस हात लावावयाचा नाहीं, हा नियम मुलांस कोणी पाठ करून दिलेला नाहीं. तो त्यांनीं रोज वर पाहून घेतला आहे.

हें सारें वाचून डोंगरांतील संसार म्हणजे केवळ आनंद असा समज कोणी करून घेऊं नये. नागली मोठें पौष्टिक धान्य आहे. तिच्या शंभर ग्रॅमांत तीनशें मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें, आणि तांदळांत तें त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेंहि नसतें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें. परंतु याच डोंगरांत, जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें, १९९२ सालीं कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां कोठें या भागाकडे साऱ्या महाराष्ट्राचें लक्ष वळलें. धान्य पौष्टिक असून काय उपयोग, जर तें वर्षभर पुरत नसेल?

आणि तें पुरत नाहीं. पावसाळा संपला कीं ओहोळ आटूं लागतात आणि दुसरें पीक घेण्यास बहुतेकांजवळ पाणी उरत नाहीं. वैतरणा नदीवर मुंबईच्या पाण्यासाठीं तीन धरणें झालीं: १९५७ सालीं मोडकसागर, १९७३ सालीं अप्पर वैतरणा, आणि अलीकडे आमच्याच तालुक्यांत कोचाळे येथें मध्य वैतरणा. त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे वैशाखांत टँकरची वाट पाहतात. तेव्हां दिवाळी झाली कीं धडधाकट माणसांस घर सोडावें लागतें. भिवंडी, वसई, कल्याण या बाजूच्या वीटभट्ट्यांचे मुकादम पावसाळ्यांतच उचल देऊन गेलेले असतात. हजार विटांमागें ठरलेल्या मजुरींतून ती उचल फेडावयाची. शिमग्यास चार दिवस घरीं यावयाचें. पुनः भट्टीवर जाऊन पावसाच्या तोंडीं परतावयाचें.

येथें शेताचा दुसरा हिशेब सुरू होतो, आणि तो हजेरीपटांत दिसतो. दिवाळीच्या सुटीनंतर पाड्यांवरील शाळांतून पट वाचला जातो तेव्हां कोणतें मूल "हजर" म्हणेल व कोणतें नाहीं, हें तेथील शिक्षक आधींच सांगूं शकतात. ज्या घरीं म्हातारीं माणसें मागें राहतात, तेथील मूल बहुधा हजर असतें. ज्या घरास कुलूप, तेथील मूल भट्टीवर. मुलाची हुशारी, बापाची इच्छा, शिक्षकाची कळकळ या साऱ्यांहून एका म्हातारीचें घरीं असणें अधिक मोलाचें ठरतें. आणि ती म्हातारी घरीं राहूं शकते ती कशाच्या जोरावर? अंगणांतली कोंबडी, खुंट्याची शेळी, कणगींतले चार पायली दाणे आणि राखावयास एक शेत, यांच्या जोरावर. तें शेत संसार पोसत नाहीं. पण मागें राहणाऱ्या माणसांस राहण्यास ठाव देतें.

आमच्या शेजारचें घर मी याच दृष्टीनें पाहत आलों आहें. नवरा-बायको व तीन मुलें: नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि पाळण्यांतील बाळ. आजवर दिवाळीनंतर दोघें भट्टीवर जात आणि मुलें आजीजवळ राहत. गेल्या वर्षीं आषाढांत, ऐन आवणींत, ती आजी वारली. दिवाळी होतांच त्यांनीं बोचकीं बांधलीं. माझी आई त्यांच्या दारांत जाऊन म्हणाली, "पोरांना आमच्याकडे ठेवा. दोन होतीं तीं चार झालीं, एवढेंच." शेजारी बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मावशी, पोरगा ठेवतों. पोरगी गेली पाहिजे. आम्ही दोघें विटा पाडूं तर बाळाला कोण धरील?"

या प्रश्नास आमच्यापैकीं कोणापाशींहि उत्तर नव्हतें. मुलगा राहिला, मुलगी गेली. शिमग्यास तीं परत आलीं तेव्हां ती आमच्या ओटीवर भावाशेजारीं पुस्तक घेऊन बसली. दिवाळीपूर्वीं जीं जोडाक्षरें ती न थांबतां वाचीत असे, त्यांवर आतां तिचें बोट थबकत होतें. बाळ तिच्या मांडीवर होतें, आणि वाचतां वाचतां तिचा गुडघा आपोआप हलत होता.

हा प्रश्न नवा नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें व १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. तेथें त्यांस हेंच दिसलें: मुलें शाळेंत येत नाहींत, कारण कोणी गुरें चारतें आणि कोणी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन बसतें. त्यांनीं मुलांस दोष दिला नाहीं. गुराख्यांसाठीं त्यांनीं कुरणांतच शाळा भरविली. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका आवारांत आणून विकासवाडी उभारली, म्हणजे बाळ पाळण्यांत व ताई वर्गांत. पुढें वीटभट्ट्यांवर विधायक संसदेनें भोंगाशाळा चालविल्या. भट्टीवरील झोपडीस भोंगा म्हणतात, त्यावरून हें नांव पडलें. सरकारनेंहि स्थलांतरितांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें काढलीं. या सर्वांचें तत्त्व एकच: मूल शिकावें असें वाटत असेल तर आधीं त्याच्या कडेवरचा भार कोणीतरी उतरून घेतला पाहिजे. जें कार्य एवढ्या मोठ्या संस्थांनीं अंगावर घेतलें, तें आमच्या पाड्यांवर वाकलेल्या पाठीच्या आज्या कोणी न सांगतां करीत आल्या आहेत.

परंतु म्हणूनच त्यांच्यावर सारें टाकून आपण मोकळें व्हावें हें योग्य नव्हे. आजीच्या मायेची स्तुति करणें सोपें आहे; तिचें पाणी वाहून देणें कठीण. माझी आई सदुसष्ट वर्षांची आहे. आमचीं दोन व शेजाऱ्याचा एक अशीं तीन मुलें संभाळतांना तिचा दिवस कसा जातो तें मी दर शनिवारीं पाहतों. ज्याला पगार मिळतो त्यानें शेत विकावें कीं ठेवावें याचा विचार करण्यापूर्वीं, त्या शेतावर कोण कोण टेकून उभें आहे हें आधीं पाहिलें पाहिजे.

गेल्या वर्षींच्या त्या चर्चेंत वडील शेवटीं बोलले. ते म्हणाले, "शेत टाकून आम्ही तुमच्याकडे आलों तर तुमच्या घरचे पाहुणे होऊं. आज तुम्ही आमच्या घरीं येतां." भाऊ यावर कांहीं बोलला नाहीं, पण त्यानंतर आम्ही दोघांनीं मिळून सोय लावली. बैलजोडी काढली आणि नांगरट भाड्याच्या बैलांवर करावयाची ठरविली. उताराच्या निम्म्या भागांत आंबा व काजूचीं कलमें लावलीं; जव्हार-मोखाड्यांत अशा वाड्या आतां ठिकठिकाणीं दिसतात, आणि झाडांच्या मुळांनीं मातीहि धरून राहते. खाचरें व नागलीचा तुकडा तेवढा ठेवला. आवणीची मजुरी दोघां भावांनीं निम्मी-निम्मी द्यावयाची. आणि त्या कामावर पहिला बोलावा शेजारच्या जोडप्यास.

यंदा मुकादम पाड्यावर येऊन गेला. शेजाऱ्यानें अद्याप उचल घेतलेली नाहीं. आईनें बाळहि आपल्याकडे ठेवून घेण्याची तयारी दाखविली आहे. मात्र तिच्या वयाकडे पाहून दिवसा मदतीस पाड्यावरचीच एक बाई ठेवण्याचें व तिचा पगार आम्ही भावांनीं देण्याचें ठरलें आहे. मुलगी आतां पांचवींत जावयाची आहे. तिचें नांव पटावर राहावें एवढ्यासाठीं एक शेत, दोन म्हातारीं माणसें आणि दोन पगार खर्चीं पडत असतील, तर तो व्यवहार तोट्याचा आहे असें मी म्हणणार नाहीं.

मित्रांनो, तुम्ही उद्यां शिकून मोठे व्हाल, शहरांत जाल, जावेंच. परंतु पहिला पगार हातीं येईल त्या दिवशीं घरीं मागें कोण राहिलें आहे याची आठवण करा. आणि त्यांच्या हातून ज्या कोणा मुलाचा संभाळ होत असेल, तें मूल तुमच्या घरचें नसलें तरी, त्या हातांस जमेल तेवढें बळ द्या.