दोघाचं मिळून काय लावायलास?

लोह्यात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. पीक विमा, ई-केवायसी, उत्पन्नाचा दाखला, लेकरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म. "आधार आणलं का? पासबुक? मोबाइल लिंक आहे का?" हे तीन प्रश्न मी दिवसातून शंभरदा विचारतो आणि समोरच्यानं "ते कशाला?" म्हटलं की मनातल्या मनात चिडतो. भिंतीवर सगळं लिहून लावलंय, वाचायला काय होतं, असं मला कायम वाटत आलंय. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची फजिती याच माणसाची आहे.

मायला घृष्णेश्वर करायचं होतं. औंढा झालं, परळी झालं, मराठवाड्यातलं तेवढं एक ज्योतिर्लिंग राहिलंय, हे ती दहा वर्षांपासून म्हणत होती. आता ती शहात्तर वर्षांची आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एष्टी फुकट झाल्यापासून तर तिच्याकडं न जाण्याचं एकही कारण उरलं नव्हतं. "मला काही तिकीट पडत नाही, तुझं तू बघ," म्हणाली. बरोबर बहिणीचा पोरगाही घेतला. नववीत आहे, चौदा वर्षांचा, पण उंची माझ्याहून दोन बोटं जास्त आणि ओठावर काळी रेघ. ही रेघ पुढं महागात पडता पडता राहिली.

फॉर्म भरणाऱ्या माणसाला शोभेल असा कार्यक्रम मी डायरीत लिहून काढला होता. रविवारी प्रवास, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ आणि घृष्णेश्वर, बुधवारी परत. रविवारी रात्री संभाजीनगरला (मायच्या तोंडी अजून औरंगाबादच) लॉजवर पोचलो. काउंटरवरच्या पोरानं सहज विचारलं, कुठं कुठं जाणार? मी डायरी उघडून वाचून दाखवली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, सोमवारी अजिंठा बंद असतं. मंगळवारी वेरूळ."

दोनच तर दिवस, आणि आठवड्यातले नेमके तेच दोन दिवस मी नेमक्या त्याच दोन ठिकाणांना लावले होते. उलट लावले असते तर दोन्ही उघडी. नशीब, तेवढाच उपाय होता. डायरीत बाण काढून सोमवार खाली आणला, मंगळवार वर नेला. माय खाटेवर बसून बघत होती. "तू लोकांचे फॉर्म असेच भरायलास का?" एवढंच म्हणाली.

सोमवारी सकाळी वेरूळला उतरलो. तीसेक किलोमीटरचाच रस्ता. वाटेत दौलताबादचा किल्ला दिसला, खुलताबाद गेलं. उतरल्या उतरल्या एक पोरगा चिकटला, "गाइड पाहिजे, गाइड?" दुसऱ्यानं पुस्तक पुढं केलं, तिसऱ्याच्या हातात जांभळे-पांढरे चमकणारे दगड. माळेगावच्या जत्रेत वाढलेली माणसं आम्ही. घोड्याच्या बाजारात दलाल कसा चिकटतो ते ठाऊक आहे. तिघांनाही टाळून सरळ तिकिटाच्या खिडकीपाशी गेलो आणि पाटीसमोर उभा राहिलो.

पाटीवर लिहिलं होतं: भारतीय नागरिक आणि सार्क व बिमस्टेक देशांचे पर्यटक, 40 रुपये. इतर परदेशी पर्यटक, 600 रुपये. पंधरा वर्षांखालील मुलं मोफत. रोख न देता भरलं तर आपल्याला पाच रुपये कमी, म्हणजे 35. मी पुन्हा वाचलं. बिमस्टेक म्हणजे काय? आधी वाटलं एखादी योजना असावी, कार्ड काढावं लागत असेल, आपण काढलेलं नाही. भाच्यानं मोबाइलवर बघून सांगितलं: बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांचा गट, थायलंड, म्यानमार वगैरे. म्हणजे थायलंडचा माणूस आमच्याच भावात आत जाणार. बुद्धाच्या लेण्यांना तिकडून माणसं येतात, तेव्हा ते बरोबरही वाटलं.

पण पाटी वाचण्यात मी इतका गुंतलो होतो की माय खिडकीत जाऊन पोचली होती. एष्टीत दाखवायचं कार्ड तिनं आधीच काढून हातात धरलं होतं. आतल्या माणसानं सांगितलं, आजी, इथं वयाची सवलत नाही. तिला ते पटेना. एष्टी सरकारची, लेणीही सरकारचीच, मग? शेवटी कार्ड कनवटीला लावून ती खिडकीत वाकली आणि बाजारातल्यासारखं म्हणाली, "बरं, दोघाचं मिळून काय लावायलास?"

मागची रांग हसली. आतला माणूसही हसला, पण भाव काही उतरला नाही.

मी म्हटलं, थांब माय, ऑनलाइन काढू, पाच-पाच वाचतील. माझ्या धंद्यातलीच गोष्ट. भिंतीवरचा क्यूआर स्कॅन केला. स्मारक निवडा, तारीख निवडा, माणसं किती, नाव, ओळखपत्र कोणतं, त्याचा नंबर. मायचं आधार पिशवीत, पिशवी भाच्याकडं, भाचा पाणी आणायला गेलेला. तो येईपर्यंत पान मागं गेलं. पुन्हा पहिल्यापासून. मग पैसे कापले गेले आणि चाक फिरतच राहिलं. माझ्या दुकानात असं झालं की मी गिऱ्हाइकाला म्हणतो, "थोडं थांबा, येईल." ते "थोडं" बाहेरच्या बाजूनं किती लांब असतं ते मला त्या उन्हात कळलं. वीस मिनिटांनी तिकिटं आली. वाचले दहा रुपये. माय तोवर कट्ट्यावर बसून दोन परदेशी बायांकडं बघत होती. त्यांना 600 पडले हे भाच्याकडून कळल्यावर तिला फार वाईट वाटलं. "आपल्या पंधरापट की रे," म्हणाली. हिशेब तिचा तोंडी असतो.

आत शिरताना भाच्याला अडवलं. हा मोफतवाला? दाखवा पुरावा. त्याचं आधार माझ्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल अजून त्या चाकाच्या धक्क्यातून सावरत होता. "पंधरावं लागायचंय अजून," असं म्हणत मी फोटो शोधत होतो आणि ओठावरची ती रेघ रखवालदाराकडं टक लावून बघत होती. सापडला एकदाचा.

गाइड घ्यायचा की नाही, हा प्रश्न सुटलेला नव्हताच. मला वाटायचं, पाट्या असतात, वाचू. पण लेणी चौतीस. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, शेवटची पाच जैन, आणि सगळी मिळून दोन किलोमीटर लांबीच्या डोंगरकड्यात. कुठून सुरू करायचं, काय सोडायचं? जैन लेण्यांकडं नेणारी बस आहे, तिचं तिकीट वेगळं. मायचे गुडघे किती चालतील? गळ्यात सरकारी ओळखपत्र अडकवलेले एक मध्यमवयीन गृहस्थ झाडाखाली उभे होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, दर माणशी नसतो, गटाचा असतो, एक ते पाच जणांचा एकच दर. आकडा ऐकून मी गप्प झालो. आमच्या दुकानाची दोन दिवसांची कमाई होती. तेच म्हणाले, "तुम्ही तिघं. ते उदगीरकडचे दोघं मघापासून माझ्याकडं बघतायत. पाच होतील, वाटून घ्या." मग मी विचारलं, मराठीत सांगाल ना? ते हसले. "इंग्रजीत सांगतो, हिंदीत सांगतो. मराठीत सांगा म्हणणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं."

अजून एक गोष्ट त्यांनी सुरुवातीलाच सांगितली, जी कुठल्याच पाटीवर नव्हती. लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत, त्यामुळं दुपार कलली की ऊन आत येतं आणि मूर्ती उजळतात. बौद्ध लेणी आधी करू, चढ-उतार सकाळच्या गारव्यात उरकेल, मग सावकाश कैलास. नुसत्या या एका वाक्याचे पैसे फिटले असं मला वाटलं.

दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुताराचं झोपडं म्हणतात, छताला दगडाच्याच कमानी कोरल्यात, हुबेहूब लाकडी वाशांसारख्या. गाइडनं सगळ्यांना गप्प केलं आणि नाभीतून एक लांब सूर काढला. तो सूर त्यांचं तोंड मिटल्यावरही स्तूपाभोवती फिरत राहिला. मायनं हात जोडले. कुणाला, ते तिनं विचारलं नाही.

कैलासात मात्र आम्ही दोन तास होतो. मागची दगडी भिंत शंभर फुटांहून उंच, आणि मधोमध एकाच दगडातून सोडवून काढलेलं देऊळ. वरून खाली कोरलं, पाया सगळ्यात शेवटी. बाजूच्या घोळक्याचा गाइड हिंदीत सांगत होता, चार लाख टन पत्थर निकाला. आमचे म्हणाले, दोन लाख टन. भाच्यानं दोन्ही ऐकलं आणि माझ्याकडं बघितलं. आमच्या गृहस्थांनी आवाज खाली आणला: "वजन करायला तेव्हा कोण होतं? अंदाज आहे. दोन्ही मोठे आहेत, एवढं खरं." मला हे आवडलं. मग त्यांनी मराठी पोथीतली गोष्ट सांगितली, कथाकल्पतरूतली. राजा आजारी, राणी माणिकावतीनं नवस केला: राजा बरा होऊ दे, शिवाचं देऊळ बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. देऊळ व्हायला वर्षं लागणार. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती म्हणाला, मी वरूनच सुरू करतो. आठवड्यात शिखर दिसलं, राणी जेवली. माय लगेच म्हणाली, "शहाणा होता. उपाशी बाईची काळजी केली." जन्मभर चतुर्थी आणि एकादशी धरणाऱ्या बाईचा अभिप्राय होता तो.

आणि मग ती गोष्ट आली, जिच्यासाठी हे लिहायला बसलो. हे देऊळ राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. त्याच्या आधीचा दंतिदुर्ग, त्याचा लेख पंधराव्या लेण्यात. इथवर मी नुसता मान हलवत होतो. पुढं ते म्हणाले, हे राजे स्वतःला लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवायचे, लट्टलूर नगरीचे स्वामी. लट्टलूर म्हणजे लातूर.

"आपलं लातूर?" मी आणि उदगीरचे दोघं एकदमच म्हणालो.

"आपलंच. आणि तुम्ही लोह्याचे ना? मग कंधार तुमच्या शेजारी. तिथला किल्ला, जगत्तुंग तलाव, सगळा त्यांचाच वारसा."

मी कंधारला महिन्यातून दोनदा तरी जातो, कागदपत्रांच्या कामाला. पूर्वी लोहा कंधार तालुक्यातच होतं. किल्ल्याचा खंदक, त्यातलं पाणी रस्त्यावरून दिसतं. गाडी कधी थांबवलेली नाही. तीनशे किलोमीटरचा प्रवास करून, पैसे मोजून, मला कुणीतरी माझ्या शेजारच्या गावाबद्दल सांगत होतं.

मायवर याचा परिणाम वेगळाच झाला. तिचं माहेर अहमदपूरकडचं, म्हणजे लातूर जिल्हा. तिथून पुढं कैलास लेणं तिच्या माहेरचं झालं. जोत्याला टेकून सेल्फी काढणाऱ्या एका पोराला तिनं हाकललं, "टेकू नको बाबा, हत्तीची सोंड आधीच तुटलीया." चौकातल्या मोठ्या दगडी हत्तीला सोंड नाही, हे तिला घरच्या भांड्याचा कान मोडल्यासारखं लागलं होतं. गाइडनं आणखी एक सांगितलं. नवव्या शतकातला एक ताम्रपट बडोद्याला सापडला, त्यात या देवळाचं वर्णन आहे: करणारा शिल्पीसुद्धा पुरं झाल्यावर चकित झाला, हे आपल्या हातून झालं कसं म्हणून. माय म्हणाली, "माहेरची माणसं अशीच. करतेत आन् मग इचार करतेत."

घृष्णेश्वराला तिकीट नव्हतं, रांग होती. पुरुषांना गाभाऱ्यात जायला सदरा काढावा लागतो, हेही आम्हाला आत जाऊन कळलं.

मंगळवारी अजिंठा. तिथं गाडी फाट्यावरच सोडायची, मग लेण्यांपर्यंत चार किलोमीटर एष्टीची बस. फाट्यावर सोयी-सुविधांची पावती, बसचं तिकीट, वर लेण्यांचं तिकीट. वातानुकूलित बस की साधी, हेही ठरवायचं. तोवर मी शहाणा झालो होतो: काही न वाचता समोरच्या माणसाला सरळ विचारत सुटलो. पायऱ्यांपाशी डोलीवाले आले. खुर्ची, दोन बांबू, चौघं उचलणार. मी म्हटलं, बस माय, गुडघे दुखतील. तिनं खुर्चीकडं बघितलं, चौघांकडं बघितलं.

"चौघांच्या खांद्यावर जायला अजून टाइम हाय," म्हणाली आणि कठड्याला धरून चढू लागली.

पहिल्या लेण्यातल्या अंधारात डोळे सरावल्यावर पद्मपाणी दिसला. फ्लॅश बंद, चपला बाहेर. 1819 साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रजाला ही लेणी दिसली आणि त्यानं दहाव्या लेण्याच्या खांबावर नाव कोरलं. दोनशे वर्षं लोक तीच सवय चालवतायत, आता नुसतं किल्लीनं. त्या दिवशी आम्ही गाइड घेतला नाही, आणि चुकलोच. सव्विसाव्या लेण्यातल्या निजलेल्या बुद्धाच्या पायाशी कोण कोण रडतंय ते विचारायला कुणीच नव्हतं. माय बराच वेळ तिथं बसली. "हे माणूस गेल्यावरचं हाय," एवढं तिनं स्वतःच ओळखलं.

परत आल्यावर गुरुवारी दुकान उघडलं. एक म्हातारा पाटीसमोर उभा होता, पिशवी छातीशी धरून. मी खुर्चीतून उठून बाहेर आलो. तो घाबरला, म्हणाला, "काही चुकलं का?"

रात्री जेवताना मायला म्हटलं, येत्या रविवारी कंधारचा किल्ला बघून येऊ. तुझ्या माहेरच्यांचाच आहे. तिनं भाकरी मोडता मोडता हात थांबवला.

"आदी वार इचार," म्हणाली.