शेजारी बसलेला प्रतिस्पर्धी

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायचे यंत्र, म्हणजेच गेम कन्सोल, मुळात जन्माला आले ते दोन माणसांसाठी. १९७२ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या पहिल्या घरगुती कन्सोलला स्मृती नव्हती, आवाज नव्हता आणि गुण मोजण्याची सोयही नव्हती. पडद्यावर प्रकाशाचे काही ठिपके तेवढे हलत, पडद्याच्या काचेवर रंगीत पारदर्शक आवरण लावून त्यांचे मैदान केले जाई, आणि गुण कोणाचा झाला, ठिपका रेषेबाहेर गेला की नाही, याचा निवाडा शेजारीशेजारी बसलेल्या दोघांनाच करावा लागे. १९७४ मध्ये आइंडहोवनच्या फिलिप्स या डच कंपनीने मॅग्नाव्हॉक्स विकत घेतली आणि १९७८ मध्ये दोन जॉयस्टिकचा व्हिडिओपॅक जी ७००० युरोपच्या बाजारात आणला. एका यंत्रापुढे, एका खोलीत, एकाच पडद्याकडे पाहत अनेकांनी खेळणे, ज्याला लोकल मल्टिप्लेअर म्हणतात, ते अशा रीतीने डच घरांत इंटरनेटच्या पुष्कळ आधी पोहोचले होते.

या प्रकाराची आज ऑनलाइन खेळाशी, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या घरी बसून दूरच्या सर्व्हरमार्फत खेळण्याशी, तुलना करायची तर ती रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेलसारख्या गावात करणे उचित ठरते, कारण तेथे इंटरनेटची वानवा नाही. १९८८ च्या नोव्हेंबरात ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही गणितसंस्था अमेरिकेच्या एनएसएफनेट या जाळ्याला जोडली गेली, आणि जगातील सर्वांत मोठ्या इंटरनेट विनिमय केंद्रांपैकी एक आज त्याच शहरात आहे. अशा देशात जर कोणी डिसेंबरातील साडेचारलाच मावळणाऱ्या दिवसानंतर एका सोफ्यावर चार कंट्रोलर घेऊन बसत असेल, तर ते पर्याय नाही म्हणून नव्हे, हे प्रथम मान्य करावे लागते. सिंटरक्लासच्या सणात, ५ डिसेंबरच्या संध्याकाळी, मुलांना भेटी मिळतात. त्यांत व्हिडिओ गेम असेल तर तो त्याच रात्री, जमलेल्या सगळ्यांच्या देखत सुरू होणार हे उघड आहे.

रॉटरडॅममधील कोडग्लू आणि तिच्यासोबत स्पार्पवीड या डच संस्थेने घडवलेला, २०१३ साली प्लेस्टेशन ३ वर आलेला 'इब अँड ऑब' हा खेळ या विषयाच्या अभ्यासकाला फार मोलाचा वाटतो. त्यात पडद्यावर एक आडवी रेषा असते. रेषेच्या वर गुरुत्वाकर्षण नेहमीप्रमाणे खाली ओढते, रेषेच्या खाली ते उलटे होऊन वर ओढते, आणि रेषेतील फटींतून दोन पात्रांना या जगातून त्या जगात ये-जा करावी लागते. एकाने दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी घेतल्याशिवाय उंच कडा गाठता येत नाही, आणि काही फटी तर दोघांपैकी एकालाच वाट देतात, त्यामुळे एकट्याने पुढे निघून जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा खेळ ऑनलाइनही खेळता येत असे. कोडी तीच, पात्रे तीच; परंतु शेजारी बसलेल्या जोडीदाराचा 'आता!' हा शब्द आणि त्याच क्षणी त्याचा पुढे झुकलेला खांदा ही दोन्ही माहिती एकदम मिळते, तर ऑनलाइन जोडीदाराचा हेतू बहुतेक वेळा त्याच्या पात्राच्या हालचालीवरून ओळखावा लागतो. म्हणून एकाच खोलीत खेळताना चूक दोघांची होते, आणि दुरून खेळताना ती बहुधा 'त्याची' होते.

अंतराचा दुसरा परिणाम भौतिकशास्त्राचा आहे. कंट्रोलरवरील बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याला विलंब, किंवा खेळणाऱ्यांच्या भाषेत लॅग, म्हणतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. कापेल ते पुणे हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ७,००० किलोमीटर धरले, तर केवळ जाऊन येण्यास निदान ७० मिलिसेकंद, म्हणजे चार चित्रांहून अधिक काळ लागतो, आणि तारा सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात तो याहून बराच वाढतो. यावर 'रोलबॅक' ही युक्ती निघाली आहे: दूरच्या खेळाडूने काय केले असेल याचा अंदाज बांधून यंत्र खेळ पुढे चालू ठेवते, आणि खरी माहिती आल्यावर अंदाज चुकलेला आढळला तर खेळ काही चित्रे मागे नेऊन दुरुस्त करते. युक्ती हुशारीची आहे, पण तिच्यामुळे विलंब दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही.

तरीही ऑनलाइन खेळाचे ऋण मराठी कुटुंबांनी तरी विसरू नये. हॉलंडात राहणारा नातू आणि पुण्यात राहणारे त्याचे आतेभाऊ यांना एकत्र खेळण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध नाही, आणि साडेचार तासांच्या हिवाळी फरकामुळे कापेलमध्ये संध्याकाळचे सात वाजलेले असताना पुण्यात साडेअकरा होतात, ही अडचण सोसूनही शनिवार-रविवारी जो डाव जमतो त्याला उणे लेखण्याचे कारण नाही. दुरून खेळणे म्हणजे नाते कोरडे पडणे, असे सरसकट म्हणणारे परदेशी राहणाऱ्यांची परिस्थिती लक्षात घेत नाहीत.

मात्र या दोन प्रकारांतील सर्वांत खोल भेद विलंबात नाही. तो कोण कोणाबरोबर खेळू शकतो यात आहे. ऑनलाइन खेळात प्रतिस्पर्धी निवडण्याचे काम गणित करते. बुद्धिबळपटूंचे बळ मोजण्यासाठी आर्पाड एलो यांनी बसवलेली गुणपद्धती आणि मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी विकसित केलेली ट्रूस्किल पद्धती यांचे सूत्र एकच आहे: प्रत्येक खेळाडूच्या कौशल्याचा अंक काढायचा आणि शक्य तितके समबळ खेळाडू एकमेकांसमोर आणायचे. अनोळखी लोकांसाठी हे न्याय्य आहे. पण कुटुंब समबळ नसते. सहा वर्षांची नात, चौदा वर्षांचा तिचा दादा आणि कंट्रोलर प्रथमच हाती धरणारे आजोबा यांना कोणतेही गणित एका डावात बसवणार नाही; ते काम खोलीच करू शकते. अंगणातल्या लपंडावात धाकट्याला कच्चा लिंबू म्हणून घेतले जाते, तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही आणि तरीही तो खेळात असतो. नेमकी हीच सोय सोफ्यावरच्या खेळात खेळाडू स्वतः करून घेतात. दादा डावा हात मागे ठेवतो, आजोबांना अर्धी फेरी पुढे सोडले जाते, नात रडायला लागली की डाव मोडून नव्याने मांडला जातो. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'मध्ये गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी सोय यंत्रातच दिलेली आहे आणि ती उपयुक्त आहे; परंतु यंत्राने दिलेली सवलत आणि भावाने दिलेली सवलत यांची प्रत एक नाही.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील घरांत निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल असलेले, कार्ट्रिज घालून चालणारे जे 'टीव्ही गेम' आले, त्यांवर 'कॉन्ट्रा' खेळलेल्या पिढीला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याच्या तिसऱ्या टप्प्यातील धबधब्यावर पडदा वर सरकतो, आणि पुढचा गडी घाईने चढला की खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो. खेळाच्या नियमांत थांबण्याची सक्ती कोठेच नाही, पण शेजारी बसलेला मित्र ती करतो.

'होमो लुडेन्स' या १९३८ च्या ग्रंथात डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी खेळ हा ठरावीक जागेच्या आणि काळाच्या सीमेत घडतो, आणि खेळ संपला तरी खेळणाऱ्यांचा गट टिकून राहू पाहतो, असे प्रतिपादन केले. लबाडी करणारा आणि खेळ उधळून लावणारा यांत त्यांनी भेद केला: लबाड निदान खेळ मानत असल्याचा आव आणतो, उधळणारा त्या जगाचाच भंग करतो. ऑनलाइन खेळात हरता हरता जोडणी तोडून निघून जाणे एका बटणाचे काम आहे. सोफ्यावरून उठणाऱ्याला मात्र त्याच घरात जेवायला बसावे लागते, आणि म्हणून तो बहुधा उठत नाही.

निर्मात्यांनी मध्यंतरी एका पडद्यावरच्या खेळाकडे पाठ फिरवली त्यामागे तांत्रिक कारण होते. स्प्लिट-स्क्रीन, म्हणजे पडद्याचे भाग करून प्रत्येक खेळाडूला त्याचे स्वतंत्र दृश्य देणे, यासाठी यंत्राला तेच जग एकाच वेळी दोनदा किंवा चारदा रेखाटावे लागते. दृश्ये जितकी तपशीलवार झाली तितका हा भार असह्य झाला आणि २०१५ च्या 'हेलो ५'मध्ये चित्रांचा वेग राखण्यासाठी स्प्लिट-स्क्रीन वगळण्यात आली. शिवाय चार घरांत चार प्रती विकल्या जातात, एका खोलीत एकच. पुढे २०१६ च्या 'ओव्हरकुक्ड'ने आणि २०२१ च्या 'इट टेक्स टू'ने एकत्र बसून खेळण्याला पुन्हा मोठा प्रतिसाद मिळवून दिला.

टिकाऊपणाच्या कसोटीवर निकाल स्पष्ट आहे. ॲम्स्टरडॅमच्या गरिला संस्थेचा 'किलझोन २' हा २००९ चा खेळ ३२ जणांच्या ऑनलाइन लढतींसाठी नावाजला गेला, तर २०११ च्या 'किलझोन ३'मध्ये दोघांना एकाच पडद्यावर कथा खेळण्याची सोयही होती. मार्च २०१८ मध्ये दोन्हींचे सर्व्हर बंद झाले. त्या लढती कायमच्या संपल्या, आणि पडदा वाटून खेळायची कथा आजही चालते. यंदाच्या दिवाळीत घरी नवा खेळ आणणाऱ्यांनी वेष्टनावर एकाच कन्सोलवर किती जण खेळू शकतात हा आकडा ऑनलाइन खेळाडूंच्या आकड्यापासून वेगळा वाचावा, आणि तो दोन किंवा अधिक असेल तर दुसरा कंट्रोलर त्याच खरेदीत घ्यावा.