वाशीचे मामा-भाचे

वाशीला जाऊन आलो, असे पुण्या-मुंबईकडच्या माणसाला सांगितले की तो हमखास विचारतो, "लोकलने गेलात की खाडीपुलावरून?" त्याचा तरी काय दोष? महाराष्ट्रात वाशी दोन आहेत. एकीला खाडी आहे, रेल्वे आहे, भाजीपाल्याची प्रचंड घाऊक बाजारपेठ आहे. दुसरी धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या पठारावर बसलेली. तिला यांतले काही नाही. मी सांगतो आहे ते या दुसऱ्या वाशीबद्दल.

सोलापूरहून धुळ्याच्या महामार्गाला लागावे. तुळजापूर मागे पडते, धाराशिव मागे पडते, येडशीची झाडी येते, मग येरमाळा आणि येडेश्वरीचा डोंगर. पुढे तेरखेडा. हे फटाक्यांचे गाव. तोटे आणि सुतळी बॉम्ब येथे वळले जातात, आणि दिवाळीच्या तोंडावर रस्त्याकडेच्या दुकानांत सारी बारूद रंगीत कागदांत गुंडाळून मोठ्या साळसूदपणे बसलेली असते. तेरखेडा वाशी तालुक्यातलेच. महामार्ग सोडून आत वळले की काळे रान सुरू होते. खरिपात सोयाबीन, रब्बीत ज्वारी. उत्तरेकडून मांजरा वाहते, पण तिच्या पाण्यावर विसंबून कोणी राहत नाही. पाऊस आला तर घरदार बुडवून जातो आणि नाही आला तर टँकरची वाट पाहायला लावतो. अशा गावी माणसाला छंद कसला असणार, असे कोणाला वाटेल. पण मराठवाड्याच्या या कोपऱ्याला छांदिष्टांचे वावडे नाही. याच जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे प्राचीन तगरनगरीला, रामलिंगप्पा लामतुरे यांनी मातीतून वर येणारी मृण्मूर्ती, मणी आणि खापरे जन्मभर गोळा केली, आणि आज त्यांच्या नावाने सरकारी वस्तुसंग्रहालय उभे आहे. पुण्याला कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते नि दरवाजे जमवले, तो याच जातीचा उद्योग. लोक ज्याला अडगळ म्हणतात त्याला हात लावायला थोडे वेडच लागते.

वाशीत मला भेटले ते मामा-भाचे याच वेडाचे, पण दोघांचे वेड दोन दिशांना तोंड करून बसलेले. मामा सत्तरी ओलांडलेले, गणिताचे निवृत्त शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणते. भाचा तिशीतला, बाजारपेठेत त्याचे संगणकाचे दुकान. मामांपाशी १९८८ साली पुण्याहून आणलेला 'स्पेक्ट्रम प्लस' आहे. भाचा सुटे भाग मागवून गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे यंत्र बांधून देतो. बाजारात त्याला 'असेंबल' म्हणतात. कोणाचे यंत्र खरे, हा या घरातला कायमचा वाद, आणि घरी आलेल्या पाहुण्याला चहाबरोबर तो मिळतोच.

ज्यांना हे जुने यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली 'झेडएक्स स्पेक्ट्रम' बाजारात आणला. घरच्या दूरदर्शन संचाला जोडायचा आणि घरच्याच टेपरेकॉर्डरवरून त्याला आज्ञावली ऐकवायची, असा हा गरिबाघरचा संगणक. त्याची सुधारलेली आवृत्ती 'प्लस'. ती १९८६ पासून भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन विकली. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, केंद्र सरकारने 'क्लास' प्रकल्प काढून काही शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे यंत्र दिले होते. ते मामांच्या शाळेपर्यंत काही पोचले नाही. मग भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून मामांनी स्पेक्ट्रम घेतला. मामी अजून त्याचा उल्लेख 'आमची सवत' असा करतात.

घरात दूरदर्शन संच होता तोही कृष्णधवल. स्पेक्ट्रमला पंधरा रंग दाखवता येत, पण पहिली सहा वर्षे मामांना ते सगळे राखाडीच दिसले. आज्ञावली टेपवरून चढताना पडद्याच्या कडेला पट्टे धावतात. ते आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे असतात, हे १९९४ साली रंगीत संच आला तेव्हा कळले. "त्या दिवशी मी चार वेळा तीच टेप लावली," मामा म्हणाले.

भाच्याने लगेच संधी साधली. "मामा, चार वेळा म्हणजे वीस मिनिटं गेली की! माझं मशीन पंधरा सेकंदांत सुरू होतं."

"माझं दोन सेकंदांत सुरू होतं."

"सुरू होतं, पण त्यात काहीच नसतं."

"नसतं म्हणूनच आपण काहीतरी घालतो."

येथून सामना रंगला. भाच्याने आकडे काढले. स्पेक्ट्रमची स्मृती ४८ केबी, त्याच्या साध्यातल्या साध्या यंत्राची १६ जीबी. मामांनी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "साडेतीन लाख पट भरते. बरं! मग तू माझ्यापेक्षा साडेतीन लाख पट शहाणा झालास का रे?"

"शहाणा नाही झालो. पण मामा, तुमच्या डबड्यावर आईच्या नावचा सातबारा काढता आला असता का?"

मामा गप्प झाले. हा घाव वर्मी होता. ज्या तालुक्यात एका उताऱ्यासाठी म्हातारी माणसे तलाठ्याच्या दारात दिवस काढत, तेथे तो दुकानात उभ्याउभ्या छापून मिळतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. जुन्याच्या कौतुकात आपण हे विसरतो. पण मामा हार मानणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी यंत्राचे पोट उघडून दाखवले. एक झेड-८० प्रक्रियक, स्मृतीच्या काही चकत्या, एक मोठी चकती पडदा सांभाळणारी, आणि एक १६ केबीची कायमची स्मृती. "यातल्या प्रत्येक घराचा पत्ता मला पाठ आहे. तुझ्या मशीनमधला एक पत्ता सांग."

भाच्याचे उत्तर मला फार आवडले. तो म्हणाला, "तुमचं मशीन सगळं समजतं, कारण त्यात समजण्यासारखं थोडंच आहे. वाड्याच्या सगळ्या खोल्या माहीत असतात, शहराच्या कुणाला माहीत असतात?"

यावर मामा उठले आणि आतून चौकटीची वही घेऊन आले. लहान मुले बेरीज-वजाबाकीसाठी वापरतात तसली. मी मराठीचा मास्तर. त्या वहीने मात्र मला खुर्चीतून पुढे ओढले.

स्पेक्ट्रमला मराठी येत नव्हते. आलेले असते तर नवल. पण त्याच्या कर्त्यांनी एक सोय ठेवली होती. वापरणाऱ्याला स्वतःच्या मनाची २१ चिन्हे घडवता येत. प्रत्येक चिन्ह आठ ओळी आणि आठ उभ्या रांगांच्या चौकटीत बसवायचे. भरलेले घर म्हणजे १ आणि रिकामे म्हणजे ०. एका ओळीचा मिळून एक आकडा, आणि आठ आकड्यांचे एक अक्षर. मामांनी पहिली ओळ सगळ्या अक्षरांना दिली ती शिरोरेषेसाठी. आठही घरे भरलेली, म्हणजे २५५. अक्षरे शेजारी शेजारी ठेवली की वरची रेघ आपोआप सलग होते. काना म्हणजे २५५ आणि मग सात वेळा ८. आपली शिरोरेषा म्हणजे दोनशे पंचावन्न, हे इतकी वर्षे मराठी शिकवून मला ठाऊक नव्हते!

पण २१ घरे आणि मराठीची वर्णमाला, म्हणजे बारा माणसांच्या बिऱ्हाडाला एक खोली. मामांनी मग काना वेगळा काढला. ग, त, न, प, म, व, श, स ही दंडाची अक्षरे अर्धीच घडवायची आणि पुढे काना जोडायचा. जोडाक्षरांची सोयही त्यातच झाली. मराठी टंकलेखनयंत्राची हीच युक्ती आहे, पण मामांनी ती कळफलक पाहून घेतली नव्हती. गरजेने सुचली. पहिला शब्द उमटवला तो 'वाशी'. अर्धा व, अर्धा श, चार वेळा काना आणि वरच्या ओळीत वेलांटी. चारच चिन्हांत गाव मावले. पुढे अक्षरसंचाचा पत्ताच बदलता येतो, ही चोरवाट सापडली आणि ९६ चिन्हे मिळाली. पहिलीच्या मुलांसाठी मामांनी त्यांतून शब्द जुळवण्याचा एक खेळ केला आणि टेपवर साठवला.

ही टेप म्हणजे घरातली खरी चिंता. ती एकच आहे. टेपवरचा लेप सुटत चालला आहे. प्रत्येक वेळी वाजवली की थोडी झिजते, आणि न वाजवली तरी पेटीत बसून खराब होते. भाचा तीन वर्षे मागे लागला होता, "मामा, एकदा माझ्या मशीनवर आवाज भरून घेऊ." मामा म्हणत, "वाजवताना तुटली तर?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या टेपमध्ये त्या माणसाची ऐन उमेदीची वर्षे होती.

मी होतो त्या संध्याकाळी मामा तयार झाले. का, ते त्यांनी सांगितले नाही. टेपरेकॉर्डरची एक तार स्पेक्ट्रमला गेली, एक भाच्याच्या यंत्राला. शिट्टी सुरू झाली, मग तो खरखरीत आवाज. पडद्याच्या कडेने निळे-पिवळे पट्टे धावले, आणि तीन मिनिटांनी इंग्रजीत ओळ आली: टेप वाचताना चूक. मामांनी छोट्या पेचकसाने टेपरेकॉर्डरचा माथा किंचित फिरवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चूक झाली एवढे त्या यंत्राला कळते, कोठे झाली ते सांगता येत नाही. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

भाच्याच्या यंत्राने मात्र तिन्ही वेळचा आवाज टिपला होता. पडद्यावर त्याची लाट दिसत होती. एके ठिकाणी ती खोल बसली होती. एका फेरीत बसलेली जागा दुसऱ्या फेरीत बरी होती. त्याने तुकडे जुळवले, लाट उचलली आणि स्पेक्ट्रमचे सोंग घेणाऱ्या आज्ञावलीला ते ऐकवले. खेळ उघडला. अक्षरे आली, पण पाच चिन्हे फाटलेली होती. ती कोणत्याच फेरीत धड नव्हती. मामा म्हणाले, "वही." चौकटीच्या वहीत आकडे शाबूत होते. मामा वाचत गेले, भाचा घालत गेला. पाच चिन्हांचे चाळीस आकडे. शेवटी दोघांच्या यंत्रांना जे जमले नाही ते दोन रेघी कागदाने आणि शाईने केले.

मला महानुभावांची आठवण झाली. 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि ती शिष्यांच्या आठवणीतून पुन्हा लिहिली गेली, अशी परंपरा आहे. पुढे पंथाने ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले, आणि त्या लिपीची किल्ली राजवाड्यांना सापडेपर्यंत बाहेरच्यांना पोथ्या असून नसल्यासारख्या होत्या. आपल्या काळातही तेच चालले आहे. युनिकोड रुळण्याआधी ज्याने त्याने आपापल्या टंकात मराठी लिहिले. ते टंक गेले की तो मजकूर उघडताच रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. यंत्राचेही तसेच. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार काढला आणि धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रे एका रात्रीत म्हातारी ठरली. भाचा अशा यंत्रांत लिनक्स घालून देतो. मामांचा भाचा शोभतो, असे मी म्हटले तेव्हा दोघांनाही ते फारसे आवडले नाही.

वाद मिटला असे कोणी समजू नये. मामांचे म्हणणे, यंत्र माणसाला पाठ झाले पाहिजे. भाच्याचे म्हणणे, यंत्र माणसाच्या कामाला आले पाहिजे. मला विचाराल तर ज्या गावात संगणक म्हणजे प्रमाणपत्राचा एक वर्ग, एवढीच ओळख मुलांना होते, तेथे या दोघांनी भांडत राहणेच बरे. एकाने तडजोड केली की दुसऱ्याचे निम्मे जाईल.

मात्र दुकानात मामांचा एक नियम भाच्याने मानला आहे. यंत्र ज्या मुलासाठी बांधायचे त्याला बोलावून घेतल्याशिवाय पेटीचे झाकण लावायचे नाही. निघण्याच्या दिवशी मी दुकानात होतो. पारगावकडचे एक शेतकरी गृहस्थ, सोबत नववीतला मुलगा. सोयाबीनचे पैसे आले होते. मुलाची नजर पंख्याच्या रंगीत दिव्यांवर. मामा बाकावर बसल्या बसल्या म्हणाले, "दिवे मग बघ. आधी ती पट्टी हातात घे. ती त्याची आठवण. खाचेत बसव, दोन्हीकडून दाब."

मुलाने बापाकडे पाहिले. बाप म्हणाला, "मोडंल की हो, गुरुजी."

"दाब," मामा म्हणाले. मुलाने श्वास धरून दाबली. टक् असा आवाज झाला, आणि भाच्याने झाकणाचे स्क्रू शोधायला घेतले.