हिरवळीचा हिशेब

मांडव्याच्या धक्क्यापासून रेवदंड्याच्या खाडीपर्यंतच्या किनारपट्टीवर आवास, सासवणे, किहीम, वरसोली, आक्षी, नागाव ही गावे एकामागून एक लागतात. या पट्ट्यात गेल्या काही दशकांत भाताची खाचरे कमी होत गेली आणि बंगल्यांसमोरच्या हिरवळी वाढत गेल्या. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह माणसे आणणारी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला शनिवारी दुपारी दुकान वाढवून चोविहाराच्या वेळेआधी अलिबागच्या बंगल्यावर पोहोचणे शक्य झाले. अशा बंगल्यांत समाजातील कुटुंबांचे बंगले थोडेथोडके नाहीत. ज्या घराने जमीन विकली त्याच घरातला एखादा मुलगा पुढे त्याच आवारात माळी म्हणून राहिला, असेही अनेक ठिकाणी घडले आहे.

या घरांतल्या गप्पांत आता एक नवा विषय येऊ लागला आहे. परदेशी असलेला मुलगा किंवा जावई मोबाइलवर एक चित्रफीत दाखवतो. कासवाच्या आकाराचे एक यंत्र हिरवळीवर कोणाच्याही मदतीशिवाय फिरत असते. त्याच्या पोटाखाली वस्तऱ्यासारखी छोटी पाती असतात. ते रोज थोडे थोडे गवत छाटते, छाटलेला बारीक चुरा तिथेच मुळांशी सोडते आणि बॅटरी उतरली की आपल्या खुराड्यात परत जाऊन चार्जिंगला लागते. हद्द कळावी म्हणून जमिनीत तार पुरलेली असते. नवी यंत्रे उपग्रहाच्या संकेतांवरच वाट ओळखतात. चित्रफीत संपली की प्रश्न ठरलेला असतो: मग माळ्याची गरज काय?

प्रश्न नवा असला तरी गवतकापणीच्या यंत्राची कुळकथा जुनी आहे, आणि कापडाच्या व्यापारातील वाचकांना ती विशेष रुचावी. इंग्लंडमधील स्ट्राउड हा लोकरी कापडाच्या गिरण्यांचा परिसर. तेथे कापडावरची लव एकसारखी कातरणारे फिरत्या पात्यांचे यंत्र पाहून एडविन बडिंग याला सुचले की हीच युक्ती गवताला लागू पडेल. त्याने १८३० मध्ये पेटंट घेतले. तोपर्यंत मोठ्या हवेल्यांची हिरवळ लांब दांड्याच्या कोयत्यांनी, पहाटेच्या दवात, माणसांच्या रांगा कापत असत. यंत्राने त्या रांगा मोडल्या हे खरे. पण हिरवळ स्वस्त झाल्यामुळे ती मध्यमवर्गीयांच्या दारातही आली आणि बागकामाला माणसे लागतच राहिली. स्वतः फिरणारे पहिले यंत्र स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीने १९९५ मध्ये बाजारात आणले. ते सूर्यप्रकाशावर चालत असे. म्हणजे या रोबोचे वयही आता तीस वर्षांचे झाले. युरोपात तो घरोघरी रुळला आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तो रुळेल का, याचे उत्तर चित्रफितीपेक्षा वहीत शोधणे बरे.

एक मध्यम बंगला धरावा. हिरवळ पाच गुंठ्यांची, म्हणजे सुमारे साडेपाच हजार चौरस फूट. साध्या ढकलगाडीसारख्या यंत्राने ती कापायला माळ्याला दोन तास लागतात असे धरू. ऑक्टोबर ते मे आठवड्यातून एकदा आणि पावसाळ्यात, उघडीप मिळेल तशी, दोनदा. वर्षाच्या साधारण सत्तर कापण्या होतात आणि एकशे चाळीस तास. माळी वर्षाचे तीनशे दिवस रोज आठ तास राबतो असे मानले तर त्याचे एकूण तास होतात दोन हजार चारशे. गवत कापण्याचा त्यातला हिस्सा सहा टक्क्यांपेक्षाही कमी. पगार महिना १५,००० रुपये म्हणजे वर्षाला १,८०,००० धरला, तर त्यातले १०,५०० रुपये तेवढे गवत कापण्याचे.

आता दुसरी बाजू. यंत्र बसवणुकीसह दीड लाखाला पडले आणि सहा वर्षे टिकले असे गृहीत धरावे. घसारा वर्षाला २५,०००. गुंतलेल्या रकमेच्या सरासरीवर दहा टक्क्यांनी व्याज ७,५००. पाती, बॅटरी, दुरुस्ती यांचे ९,५०० तरी ठेवावेतच. बेरीज ४२,०००. म्हणजे १०,५०० रुपयांचे काम वाचवण्यासाठी चौपट खर्च! जुन्या यंत्राचे पेट्रोल वाचेल हे मान्य. त्याने उत्तर बदलत नाही. व्यवहार किफायतीचा दिसायला एकच रीत आहे, ती म्हणजे यंत्राच्या समोर माळ्याचा संपूर्ण पगार मांडायचा. बहुतेक घरांत नेमके हेच केले जाते, आणि शेअर किंवा सोने घेताना दहादा विचार करणारी माणसे इथे मात्र चुकीच्या खात्यात नोंद करून मोकळी होतात.

उरलेल्या चौऱ्याण्णव टक्क्यांत काय असते, हे आठवड्याला दीड दिवस येणाऱ्या मालकाला दिसण्याचे कारण नाही. नारळाची झावळी पडलेली असते, पोफळीची विरी पडलेली असते, ती उचलावी लागते. न उचलली तर रोबो तिच्याशी अडखळून उभा राहतो आणि मालकाच्या मोबाइलवर तक्रार पाठवतो. मुंबईत बसून त्या तक्रारीचे करायचे काय? लव्हाळा गवताबरोबर वाढतो. वरून छाटला तरी जमिनीतल्या गाठी शाबूत राहतात, त्यासाठी खुरपे घेऊन बसावेच लागते, आणि ते काम बहुतेक ठिकाणी गावातल्या बायका रोजावर करतात. विहिरीवरचा पंप, टाकीतले पाणी, आंब्याचा मोहोर, वाळवी, भिंतीतली ओल, सापाची कात, कुंपणाबाहेरून आत शिरलेली गुरे यांकडेही कोणी ना कोणी पाहावे लागते. किनाऱ्यालगतच्या विहिरींतून उन्हाळ्यात जास्त उपसा झाला की पाणी मचूळ होऊ लागते. ते चाखून हिरवळीचे पाणी आधी तोडायचे की झाडांचे, हा निर्णय घेणारा माणूस तिथे लागतो.

शिवाय इथला पाऊस आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या किनाऱ्यावर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गवत खरे वाढते ते याच काळात. पण भिजलेल्या मऊ जमिनीत चाके रुततात, चिकट गवत पात्यांना वेटाळते, वीज जाते. चांगल्या यंत्रांना पावसाची चाहूल घेणारी सोय असते. थेंब पडू लागले की ते शहाण्यासारखे खुराड्यात परततात. कोकणातल्या आषाढात त्यांनी बाहेर यायचे तरी केव्हा? म्हणजे सत्तर कापण्यांपैकी जवळजवळ निम्म्या, आणि त्याही अधिक कष्टाच्या, माळ्याच्याच गळ्यात राहतात. उत्तर युरोपातल्या रिमझिमीसाठी घडलेले यंत्र इथे वर्षाचे आठच महिने कामाला येते, पण घसारा मात्र बारा महिन्यांचा लागतो.

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने मुरुड-श्रीवर्धनकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. अलिबागकडे छपरे उडाली, झाडे घरांवर कोसळली, कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. टाळेबंदीचे दिवस, त्यामुळे मालक मुंबईत अडकलेले. त्या आठवड्यात बंगल्यांच्या आवारात जे कोणी होते ते माळी आणि राखणदारच होते. त्यांनी स्वतःच्या घराचे पत्रे शोधले आणि मालकाच्या छपरावर ताडपत्रीही बांधली. पगारपत्रकात या कामासाठी रकाना नव्हता, आणि त्याचा भाव कोणी आधी ठरवलेला नव्हता.

मग रोबोमुळे कोणाचेच काम जाणार नाही असे म्हणता येईल का? नाही. जिथे गवत कापणे हेच एखाद्याचे पूर्ण वेळेचे काम आहे, तिथे हिशेब उलटतो. दोन-चार एकरांची सामाईक हिरवळ असलेली बंगल्यांची वसाहत, मोठे रिसॉर्ट, गोल्फचे मैदान, क्रीडांगण अशा ठिकाणी ठेकेदाराची माणसे आठवडाभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत यंत्र ढकलतात आणि पुन्हा पहिल्या टोकाला येतात. तिथे कोरड्या आठ महिन्यांतही यंत्राची किंमत भरून निघू शकते, आणि ते येईल तेव्हा ती माणसे कमी होतील. याविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही.

बंगल्यांवर मात्र बदल निराळ्या वाटेने येईल, आणि ती वाट बँकांनी दाखवलेली आहे. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि बँकांत संगणकाची वाट मोकळी होऊ लागली, तेव्हा कर्मचारी संघटनांना भीती होती की कारकून रस्त्यावर येतील. सरकारी बँकांत संगणकामुळे कोणाला घरी पाठवले असे सहसा झाले नाही. झाले ते एवढेच की निवृत्त झालेल्याची जागा पुन्हा भरली गेली नाही. पुढे २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे एक लाख माणसे एकदम बाहेर पडली. पण त्यांच्या हाती ग्रॅच्युइटी होती, भविष्यनिर्वाह निधी किंवा पेन्शन होते, आणि पाठीशी संघटनेने केलेले करार होते. व्यापारी पेढ्यांवरही असेच झाले. लाल कापडी चोपडा जाऊन संगणकावर खतावणी आली. वृद्ध मुनीमजींना बहुतेकांनी सन्मानाने सांभाळले, मात्र त्यांच्या गादीवर दुसरे मुनीमजी बसले नाहीत.

माळ्याचेही तेच होईल. वीस वर्षे असलेल्या माणसाला, ज्याला घरातली मुले काका म्हणतात, कोणी काढणार नाही. त्याच्या मुलाला ठेवणार नाहीत, एवढेच. गवताचे काम यंत्राकडे गेले की ‘आता पूर्ण पगाराचे काम उरले कुठे’ असे म्हटले जाईल. मासिक पगाराचा रोज होईल. झावळ्या उचलायला बोलावतील तेव्हा यायचे, नाहीतर नाही. त्या मुलाला याची कल्पना आधीच आहे. म्हणूनच तो थळच्या खत कारखान्यात ठेकेदाराकडे लागतो किंवा मांडव्याला गाडी चालवतो. ‘हल्ली माणसे मिळत नाहीत’ ही बंगलेवाल्यांची तक्रार खरी आहे. पण मालक शनिवार-रविवारी येतात म्हणून माळ्याला रविवार कधीच मिळत नाही, हेही त्या तक्रारीच्या शेजारी लिहायला हवे.

जीवदयेचा मुद्दा इथे ओढूनताणून आणावा लागत नाही. युरोपात हेजहॉग नावाचा छोटा काटेरी प्राणी रात्री हिरवळीवर फिरतो. संकट आले की तो पळत नाही, अंगाचे वेटोळे करून जागीच बसतो, आणि यंत्राखाली सापडतो. जर्मनीतील कोलोन शहराने याच कारणाने २०२४ मध्ये असे रोबो रात्री चालवण्यास मनाई केली. इकडे हेजहॉग नसले तरी पावसाळी बेडूक आहेत, सापसुरळ्या आहेत, आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणारी टिटवी आहे. टिटवी ओरडू लागली की माळी तेवढा तुकडा सोडून कापतो. हिरवळ राखणे हाच मुळात केवढा आरंभ आहे, आणि हिरव्यावर पाऊल न ठेवणाऱ्या साधू-साध्वींना त्या आवारात फरसबंदीवरूनच न्यावे लागते, हा विचार ज्याने त्याने करावा. परंतु ज्यांनी ती राखायचे ठरवले आहे आणि यंत्र घ्यायचेही ठरवले आहे, त्यांनी ते सूर्यास्तानंतर चालणार नाही एवढी कळ तरी पहिल्याच दिवशी फिरवून घ्यावी.

या किनाऱ्यावर गवतकापणीत एक यंत्र आधीच येऊन गेले आहे, आणि त्याने माणसाचे नुकसान केले नाही. खांद्याला अडकवायचे पेट्रोलवरचे ग्रास कटर. पूर्वी पावसाळ्याअखेरचे माजलेले रान विळ्याने कापायला चार-चार माणसे लागत. आता एक तरुण कटर घेऊन येतो, दिवसात दोन आवारे साफ करतो आणि विळ्याच्या रोजापेक्षा जास्त दर मागतो. तो दर त्याला मिळतो, कारण कटर त्याचे स्वतःचे आहे. रोबोच्या बाबतीत खरेदीचे बिल बंगल्याच्या नावावर फाटते, म्हणून वाचलेला पैसाही बंगल्याच्या खात्यावर राहतो. यंत्र तेच असले तरी मालकी कोणाची यावर जमाखर्चाच्या दोन्ही बाजू बदलतात.

मालकीची ही दिशा बदलता येण्याजोगी आहे. मुद्रा योजनेतील ‘किशोर’ गटात पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत कर्ज मिळते; तारण लागत नाही. माळ्याच्या मुलाने या कर्जातून यंत्र घ्यावे, शेजारच्या चार-पाच बंगल्यांनी त्याला गुंठ्यामागे वर्षाचा दर लेखी ठरवून द्यावा, त्यात तारेची निगा, पाती बदलणे, झावळ्या उचलणे आणि लव्हाळा काढणे धरलेले असावे. कर्जाच्या अर्जासोबत असा पाच घरांचा करार जोडलेला असेल तर कोणत्याही शाखाधिकाऱ्याला तो वाचायला आवडेल. करारात पावसाळ्याच्या चार महिन्यांचा दर मात्र वेगळा आणि चढा लिहावा लागेल, कारण तेव्हा रोबो ओटीवर प्लॅस्टिकखाली झाकलेला असेल आणि गवत गुडघ्याला लागलेले असेल.